मायसाठी केलेल्या प्रार्थना

मोताळ्यात ख्रिस्ती घरं मोजकीच. उपासनेला आम्ही बहुतेक वेळा राजूर घाट चढून बुलढाण्याला जातो. अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात, अकोला-खामगावकडे काम सुरू केलं. तेव्हापासून विश्वासात असलेली घराणी आमच्या मंडळीत आहेत. त्यांच्या पणज्यांचे बाप्तिस्मे झालेले. माझं तसं नाही. माझ्या घरातली मी एकटीच. नर्सिंग शिकायला गेले, तिथे पवित्र शास्त्र हाती आलं आणि पुढे बाप्तिस्मा घेतला. बाबांनी कितीतरी दिवस अबोला धरला. मायने एक दिवसही धरला नाही.

माय वारकरी. गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या एकादश्या, दिवेलागणीला हरिपाठ. गुडघे साथ देत होते तोवर गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला नांदुऱ्यावरून शेगावला पायी जायची. जन्मभर कपाशी वेचून बोटांच्या टोकांना बोंडांचे ओरखडे पडलेले, ते कधी भरलेच नाहीत. बाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. तिच्या खोलीत विठ्ठल-रखुमाईचा फोटो, माझ्या खोलीत क्रूस. दुपारी ती कापसातली सरकी काढून वाती वळत बसायची. मी शास्त्रभाग उघडला की म्हणायची, "मोठ्यानं वाच वं, मले बी आयकू दे."

रूथची गोष्ट तिला फार आवडायची. विधवा सून सासूला सोडत नाही, परक्या गावात दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून तिला जगवते. सरवा म्हटलं की मायचे हात थांबायचे. तिनेही लहानपणी तुरीचा, ज्वारीचा सरवा वेचला होता. शेतमालक बवाज आपल्या माणसांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसं टाकून ठेवायला सांगतो, त्या जागी तर ती दर वेळी म्हणायची, "असा मानूस पाह्यजे."

मी तिला सुवार्ता सांगितली, आडपडदा न ठेवता सांगितली. ती शांतपणे ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "तुहा येशू चांगलाच हाय. पन माह्या इठ्ठलानं मले कधी टाकलं नाही." त्यावर वाद घालावा असं मला कधी वाटलं नाही. रात्री मात्र तिचं नाव घेऊन मी प्रभूपुढे रडत असे. येशूशिवाय तारण नाही असं मी मानते, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून ते सौम्य करून सांगणार नाही. म्हणूनच तर काळजी. विश्वास लेचापेचा असता तर झोप लागली असती.

शेवटच्या आजारपणात तिची सगळी शुश्रूषा मीच केली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, ओठ ओल्या कापसाने पुसायचे. एका रात्री तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तुह्या येशूले सांग, मले जास्त दिवस पाडून ठेवू नको म्हना." मी तिथेच गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना केली. ती डोळे मिटून ऐकत होती. प्रार्थना संपल्यावर तिने हात जोडले. पुढच्या आठवड्यात ती गेली. धाकट्या भावाने अग्नी दिला, तेरवीपर्यंतचं सगळं त्याने तिच्या रीतीने केलं. मीही सगळे दिवस त्याच्या घरी होते.

मग मंडळीतली माणसं भेटायला आली. प्रेमानेच आली. पण त्यांतल्या एका बहिणीने विचारलं, "तिने शेवटी प्रभूचा स्वीकार केला होता ना?" त्या रात्रीचं मी सांगितलं, तशी ती म्हणाली, "मग झालं की! साक्षीच्या वेळी उभं राहून सांग, आईने प्रभूला हाक मारली."

मी नाही म्हटलं. मायने काय म्हटलं ते मला ठाऊक आहे. दुखण्याने टेकीला आलेल्या आईने लेकीच्या देवाकडे सुटका मागितली. त्या जोडलेल्या हातांत आणखी काय होतं ते प्रभूच जाणे. माझ्या जिवाला आराम पडावा म्हणून मी तिच्या तोंडी कबुली घालणार नाही. मेलेल्या माणसाला 'मी असं म्हटलं नव्हतं' असं सांगता येत नाही.

त्यानंतरचे महिने जड गेले. हे दुःख माझ्या एकटीचं नाही, हे मला पुस्तकांतून कळलं. ज्यांचं शव आज जुन्या गोव्यात बॉम जेझू बासिलिकेत आहे, ते संत फ्रान्सिस झेवियर जपानहून परतल्यावर 1552 साली लिहिलेल्या पत्रात सांगतात की तिथले नवे ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठी, बायकामुलांसाठी रडत. त्यांची सुटका होणार नाही का, असं विचारत. झेवियर नाही म्हणत, आणि त्यांची ती तळमळ पाहून त्यांनाही रडू येई. चारशे वर्षांनी, 1964 साली, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळलेली नाही, पण जे मनापासून देवाचा शोध घेतात, तेही तारणापर्यंत पोचू शकतात. मी कॅथलिक नाही, तरी ते वाचून बरं वाटलं. पण मायने तर सुवार्ता ऐकली होती, माझ्याच तोंडून. त्यामुळे माझा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

धीर मिळाला तो पंडिता रमाबाईंकडून. रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे त्याआधीच, 1874 साली, दुष्काळात अन्नाविना गेले होते. पाठोपाठ आई गेली, थोरली बहीण गेली. वडील म्हणजे कट्टर सनातनी माणूस, तीर्थयात्रा आणि पुराणं सांगण्यात आयुष्य घातलेलं. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो मुलींना आसरा दिल्यानंतर, 1907 साली, रमाबाईंनी इंग्रजीत आपली साक्ष लिहिली. वडिलांची अखेरची भेट त्यांनी त्यात सांगितली आहे. अशक्त झालेल्या बापाने लेकीला छातीशी धरलं, तिला देवाच्या हाती सोपवलं आणि जन्मभर त्याचीच सेवा कर म्हणून सांगितलं. तो देव आपल्या वडिलांना ठाऊक नव्हता, तरी सगळ्या जिवाने ते त्याचीच सेवा करत होते, असं रमाबाई लिहितात. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणणारी ही बाई. तिचा विश्वास कच्चा होता असं कोण म्हणेल? वडील कुठे गेले याचा निवाडा तिने केला नाही. आपण आज प्रभूच्या सेवेत आहोत आणि त्याच्या हाती आपल्याला त्या बापाने सोपवलं होतं, एवढं तिने कृतज्ञतेने लिहून ठेवलं. मायने मला टाकलं नाही, माझ्या बाप्तिस्म्यानंतरही नाही, हे मला तेव्हा नव्याने दिसलं.

मायसाठी केलेल्या प्रार्थनांचा विचार करताना मला मार्काच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय आठवतो. त्यात चार माणसं एका पक्षघाती माणसाला खाटेवरून येशूकडे आणतात. दारात गर्दी, म्हणून छतावर चढतात, छत उकरतात आणि त्याला खाली सोडतात. ते घर आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरासारखं असणार: आडवी लाकडं, त्यांवर काड्या, वर पांढऱ्या मातीचा थर. असं धाबं उकरायचं म्हणजे खाली बसलेल्यांच्या डोक्यावर मातीच माती. येशू रागावत नाही. त्या चौघांचा विश्वास पाहून तो खाटेवरच्या माणसाला पापांची क्षमा देतो. तो माणूस स्वतः एक शब्दही बोललेला नाही.

आमच्या मंडळीत मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत, मीही करत नाही. पण माय जिवंत असताना वर्षानुवर्षं मी तिला उचलून प्रभूपुढे नेत आले, ते त्याने पाहिलं नाही असं मला वाटत नाही. ती तारली गेली असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. तिचा नाश झाला असंही म्हणत नाही. न्याय करणारा तो आहे आणि त्याचे हात टोचलेले आहेत. त्या हातांवर माझा विश्वास आहे.

आता भावासाठी, भावजयीसाठी, त्यांच्या पोरांसाठी प्रार्थना करते. भावाला हे माहीत आहे. दिवाळीला मी त्याच्याकडे जाते, नाताळला तो सगळ्यांना घेऊन येतो. घाई करत नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 1900 साली. मधली वर्षं दोघांनाही किती कठीण गेली ते लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला माहीत आहे. पण नवऱ्याकडे परत आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं पाळलं आणि टिळकांनी ते पाळू दिलं. पुढचं पाऊल लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने टाकलं.

मंडळीतल्या भावाबहिणींना माझं एवढंच सांगणं आहे. विश्वासात नसलेलं माणूस ज्या घरातून गेलं, तिथे भेटायला जाल तेव्हा ते कुठे गेलं याची चौकशी करू नका. पिठलं-भाकरी घेऊन जा, जवळ बसा, गेलेल्या माणसाबद्दल दोन चांगले शब्द बोला. आणि तुमच्या घरचं असं माणूस अजून हयात असेल, तर आज रात्री त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, आणि सकाळी त्याच्याजवळ जाऊन बसा.