आपला आवाज, परका आवाज

भिलाई पावर हाउस स्थानकाजवळ मी खोली घेतली, त्याला आता वर्ष होत आले. हावडा-मुंबई मार्गावरचे हे स्थानक. रात्री बाजार मिटला की तेथील उद्घोषणा माझ्या खिडकीतून स्पष्ट ऐकू येते. ते शब्द त्या क्षणी कोणी उच्चारलेले नसतात. केव्हातरी मुद्रित करून ठेवलेले आकडे आणि नावे यंत्र एकापुढे एक जोडून देते. तरीही तो आवाज ऐकून माणसे पिशव्या उचलतात आणि फलाटावर चालू लागतात. ऐकणाऱ्याला समजले, की आवाजाचे काम झाले. इंग्रजी उच्चार शिकविण्याच्या उद्योगात ही साधी गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि ती कळण्याची किंमत माझ्या एका विद्यार्थिनीने आधी मोजली.

मी येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले. माझा विषय तौलनिक साहित्य. परंतु शेजारच्या मुलामुलींच्या आग्रहावरून रविवारी सकाळी संभाषणाच्या इंग्रजीचा एक वर्ग घेऊ लागले. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या येथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्या काळापासून तेलुगू, मलयाळी, बंगाली, ओडिया, पंजाबी आणि आपली मराठी कुटुंबेही कामासाठी येथे येत राहिली. त्यांची नातवंडे आणि आसपासच्या गावांतून आलेली छत्तीसगढी मुले माझ्यासमोर एकाच सतरंजीवर बसतात.

उच्चार शिकवावयाचे म्हणजे आदर्श आवाज ऐकवावयाचा, ही जुनी रीत. प्रथम तबकड्या आल्या, मग ध्वनिफिती. मुलांनी ऐकावे आणि तसेच म्हणावे. मी ही रीत उलटविण्याचे ठरविले. आता ध्वनिमुद्रणाचे यंत्र प्रत्येकाच्या खिशातच असते. प्रत्येकाने रुग्णालयाच्या नियमांचा एक उतारा वाचून त्याचे मुद्रण मला द्यावे आणि ते वर्गात ऐकून चुका शोधाव्यात, अशी माझी योजना होती. योजना मला इतकी आवडली होती, की कोणाची संमती विचारण्याचे भानही मला राहिले नाही.

त्या रविवारी परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीचा आवाज मी लावला. दूरध्वनीवरच्या एका मुलाखतीत तिला प्रत्येक वाक्य दोनदोनदा सांगावे लागले होते, म्हणून ती वर्गाला येत असे. मुद्रणात पहिल्याच ओळीत ‘इस्टाफ’ आले, दुसऱ्या ओळीत ‘इस्टूल’. वर्ग हसला. खरे सांगावयाचे तर मीही हसू आवरले नाही. ती एवढेच म्हणाली, “मैडम, ये मेरी आवाज नहीं है.” त्यानंतरचे दोन रविवार ती आली नाही.

तिचे म्हणणे एका अर्थी अक्षरशः खरे होते. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून येणाऱ्या आवाजात खालच्या पट्टीचे स्वर अधिक ठळक असतात. मुद्रणात तो भाग नसतो. म्हणून स्वतःचा मुद्रित आवाज प्रत्येकाला पातळ आणि परका वाटतो. हा परकेपणा एकांतात सोसणेसुद्धा कठीण असते; मी तो तिला वीस जणांच्या देखत सोसावयास लावला होता.

मी तिच्या घरी गेले आणि क्षमा मागितली. मग तोच उतारा माझ्या आवाजात मुद्रित केला आणि तिच्या संमतीने दोन्ही मुद्रणे एका ब्रिटिश स्नेह्याकडे पाठविली. भारतीय इंग्रजी ऐकण्याची त्यांना सवय नाही. जे ऐकू आले तेवढेच त्यांनी लिहून पाठवावे, अशी विनंती केली. तिच्या मुद्रणात ते चार ठिकाणी अडले, माझ्या मुद्रणात दोन ठिकाणी. त्या दोन्ही जागा आम्हा दोघींच्या सामाईक होत्या, ‘डेव्हलप’ आणि ‘नेसेसरी’. पहिल्या शब्दात आघात दुसऱ्या अवयवावर हवा, आम्ही तो पहिल्यावर दिला होता. दुसऱ्यात पहिल्यावर हवा, तो आम्ही दुसऱ्यावर ढकलला होता. ‘इस्टाफ’ मात्र त्यांना एकदाही अडला नव्हता.

त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. इतकी वर्षे शिकवूनही ही चूक मला ऐकू आली नव्हती, कारण माझ्या भोवतालचे सारेच ती करतात. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपला कान तिकडे लक्षच देत नाही. ‘रेकॉर्ड’ हाच शब्द घ्या. इंग्रजीत तो नाम असेल तर आघात पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर पडतो. आपण मात्र दोन्ही एकाच सपाट चालीने म्हणतो. हैदराबादच्या सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिशचे आर. के. बन्सल यांनी भारतीयांची मुद्रित केलेली इंग्रजी परदेशी श्रोत्यांना ऐकवून तिची सुबोधता तपासली होती. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही न समजण्याच्या प्रमुख कारणांत चुकीचा शब्दाघात आहेच.

आणि ज्याला आम्ही हसलो त्या ‘इ’चे काय? शब्दारंभीच्या जोडाक्षरापूर्वी एखादा स्वर घेणे ही फार जुनी वाट आहे. संस्कृत ‘स्त्री’ची पालीत ‘इत्थी’ झाली, आपल्या खेड्यांत ‘अस्तुरी’ झाली. लॅटिन ‘स्कोला’ची स्पॅनिशमध्ये ‘एस्कुएला’ झाली. तौलनिक साहित्याच्या वर्गात मी हे कौतुकाने सांगत आले आहे. तेच एका मुलीच्या तोंडून ऐकले तेव्हा मला त्यात केवळ अडाणीपणा दिसला. आपण ज्या उच्चाराला हसतो तो बहुधा बोलणाऱ्याचे गाव आणि घर सांगत असतो. जो उच्चार खरोखर अर्थ अडवितो तो सर्वांचा असल्यामुळे कोणाला हसू येत नाही, आणि म्हणून तो सुधारतही नाही.

आता वर्गाची रीत बदलली आहे. मुद्रण ज्याचे त्याच्याच यंत्रात राहते. ते त्याने प्रथम एकट्याने ऐकावयाचे. मग मातृभाषा वेगळी असलेल्या एका सोबत्याला ऐकवावयाचे. सोबत्याने चूक काढावयाची नाही, कानावर आले तेवढे कागदावर उतरवावयाचे. कागद आणि उतारा शेजारी ठेवले की कोठे काम करावयाचे ते आपोआप दिसते. पावर हाउसमध्ये वेगळ्या मातृभाषेचा सोबती शोधण्यास सतरंजीवरून उठावेही लागत नाही. सर्वांत आधी माझे मुद्रण ऐकविले जाते आणि माझ्या चुका फळ्यावर लिहिल्या जातात.

ती मुलगी तिसऱ्या रविवारी आली. दोन महिन्यांनी तिने तोच उतारा पुन्हा मुद्रित केला. ‘डेव्हलप’ आणि ‘नेसेसरी’ आता जागच्या जागी होते. ‘इस्टाफ’ होता तसाच होता. तिचे ऐकून होताच शेजारच्या मल्याळी मुलाने आपला कागद पुढे केला. त्यावर एकही जागा रिकामी नव्हती. तिने तो दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि जुने मुद्रण पुसू का, असे मला विचारले. ते तुझे आहे, तूच ठरव, असे मी म्हणाले. तिने ते पुसले की ठेवले, हे मी विचारलेले नाही.