डाव्या चाकांवरचे ओरखडे

वाचकहो, आपल्या घरची गाडी घरातील सर्वांत ज्येष्ठ व्यक्ती चालवीत असेल, तर आज एक छोटेसे काम करावे. गाडीभोवती एक फेरी मारून चारही चाकांच्या कडा नीट न्याहाळाव्यात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो आणि गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते. त्यामुळे पदपथाची कड, सोसायटीच्या फाटकाचा खांब आणि वळणावरचा दगड यांची गाठ बहुधा डाव्या चाकांशी पडते. जुने, काळवंडलेले ओरखडे बहुतेक गाड्यांवर असतात. मात्र गेल्या काही महिन्यांत ताजे, चकचकीत ओरखडे एकावर एक उमटू लागले असतील, तर गॅरेजपूर्वी नेत्रतज्ज्ञांची भेट घ्यावी.

नाशिकला आमच्या घरी हेच घडले. माझे वडील, म्हणजे आमचे नाना, सातपूरच्या कारखान्यात गुणवत्ता तपासनीस होते. वय अठ्ठ्याहत्तर, आणि गाडीवर हात उत्तम. डाव्या चाकांवरचे नवे ओरखडे पाहून मी त्यांना तपासणीस नेले. तक्त्यावरची बारीक अक्षरे त्यांनी न अडखळता वाचली. दृष्टिक्षेत्राची तपासणी झाली तेव्हा मात्र काचबिंदूने दृष्टीच्या कडा बऱ्याच कुरतडल्याचे कळले. या विकाराची रीतच अशी आहे. समोरचे दीर्घकाळ स्वच्छ दिसत राहते, वेदना नसते, आणि बाजूचे दिसणे माणसाच्या नकळत ओसरते. गेलेली दृष्टी परत येत नाही; उरलेली औषधांनी वा शस्त्रक्रियेने राखता येते. पंचावन्न वर्षांनंतर वाहन परवान्याचे नूतनीकरण पाच पाच वर्षांसाठी होते, आणि म्हाताऱ्या डोळ्यांच्या दृष्टीने पाच वर्षे हा फार मोठा काळ आहे. म्हणून परवान्याच्या तारखेवर विसंबून राहू नये.

नानांनी किल्ली कुरकुर न करता दिली. त्यानंतर मात्र ते गाडीकडे फिरकेनासे झाले. संध्याकाळी गंगापूर रोडला फेरी मारण्याचा नेम मोडला, भाजी आणणे सुटले, बोलणे कमी झाले. वाहन सोडणे म्हणजे केवळ प्रवास सोडणे नव्हे. ‘मी नेतो’ असे म्हणण्याचा अधिकारही तेव्हा सुटतो. काळजीवाहकांना हे पुष्कळदा उशिरा उमगते. आम्ही त्यांच्यासमोर एक विचारणा ठेवली: अकरा वर्षांच्या त्या गाडीची चाके पुन्हा नीटनेटकी करता येतील का? दुसऱ्या दिवशी सकाळी ते पायांत बूट घालून अंगणात उभे होते.

मिश्रधातूचे चाक, ज्याला आपण अलॉय व्हील म्हणतो, ते मुख्यतः ॲल्युमिनियमचे असते. त्यात सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळलेले असते. ही कल्पना जुनी आहे. 1924 साली बुगाटीच्या ‘टाइप 35’ या शर्यतीच्या गाडीला ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती. हलकेपणा हा त्यांचा गुण, आणि नाजूक वरचा थर ही त्यांची मर्यादा. रंगावरचा पारदर्शक लॅकर एकदा तडकला की पाणी आत शिरते आणि खाली अळीच्या वाटेसारख्या पांढुरक्या रेषा पसरत जातात. त्यावर बसणारी काळी भुकटी ब्रेकची असते. पुढच्या ब्रेकवर अधिक भार येत असल्यामुळे पुढची चाके जास्त काळी होतात. ब्रेकवर पाय ठेवून कसारा घाट उतरलेली गाडी पाहिली की हे सहज पटते.

आता कामाची रीत. जड काम तरुणांनी करावे, हा पहिला नियम. टायरसह चाकाचे वजन पंधरा किलोच्या आसपास असते. गाडी जॅकवर घेणे, नट सोडवणे आणि चाक उचलून टेबलावर ठेवणे, यांतले काहीही ज्येष्ठांनी करू नये. आम्ही एका वेळी एकच चाक काढत असू आणि त्या जागी स्टेपनी लावत असू. स्टेपनी बहुधा वेगळ्या मापाची असते, म्हणून त्या आठवड्यात गाडी जवळपासच आणि सावकाश चालवावी. चाक कोपराच्या उंचीवर असावे आणि बसायला पाठ असलेली खुर्ची असावी. गुडघ्यांना आणि कमरेला उकिडवे बसणे सोसत नाही. साबणाच्या पाण्याने फरशी निसरडी होते. तेव्हा पायाखाली रबरी चटई आणि पायांत बूट हवेतच. अर्धा तास काम, मग विश्रांती आणि पाणी.

ब्रेकची भुकटी कोरडी झाडू नये, हवेच्या झोताने उडवू नये. तिच्यात धातूचे सूक्ष्म कण असतात आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकते. आधी पाणी मारून ती भिजवावी, मग गाडीचा सौम्य शाम्पू आणि मऊ ब्रश वापरावा. कोपऱ्यांना जुना दातांचा ब्रश उत्तम. डांबराचे ठिपके रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने निघतात. ते फडके विस्तवापासून दूर ठेवावे.

येथे नाशिककरांना एक सूचना आवर्जून करावीशी वाटते. आपले शहर तांब्या-पितळेच्या भांड्यांचे. चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावून चकाकी आणण्याची सवय आपल्या हातांत मुरलेली आहे. पितळेला मानवणारा हा उपाय ॲल्युमिनियमला मानवत नाही. तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली, दोन्ही त्याला खातात. बाजारात मिळणाऱ्या चाके उजळवण्याच्या काही द्रवांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात. ते त्वचेला लागल्यावर कधी कधी तासन् तास वेदना होत नाही, आणि तोवर ते आत शिरून शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. मधुमेहाने बोटांची संवेदना मंदावलेल्या व्यक्तीस तर ते अधिकच घातक. असा द्रव घरात आणूच नये. चुकून लागलाच, तर भरपूर वाहत्या पाण्याने धुऊन त्वरित रुग्णालयात जावे आणि बाटली सोबत न्यावी. यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा उपचार असतो. थिनर वा रॉकेल पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. स्मृती मंदावलेली व्यक्ती घरात असेल, तर ही बाब जिवावर बेतू शकते.

ओरखडे घासण्यासाठी पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरावा. धूळ उडत नाही. आधी चारशे नंबरचा, मग आठशेचा. खोल खाचांत लांबी भरावी, ती पक्की वाळू द्यावी आणि पुन्हा घासावे. नाना हे काम डोळे मिटून करीत. बोटाचे टोक कडेवरून फिरवीत आणि म्हणत, “इथे अजून उंचवटा आहे.” रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी हातमोजे अवश्य घालावेत. ड्रिलला तारेचा ब्रश जोडण्याचा मोह टाळावा. तुटलेली तार डोळ्यात जाऊ शकते.

रंग फवारण्याचे काम आम्ही नानांना दिले नाही. साध्या धुळीचा मास्क रंगाची वाफ अडवीत नाही. त्यासाठी कार्बनच्या डब्यांचा मास्क लागतो. दमा वा श्वसनविकार असलेल्यांनी त्या वेळी तिथे थांबूही नये. दोन भाग मिसळून वापरायचा लॅकर घरी हाताळूच नये, कारण त्यातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. माझ्या भावाने उघड्यावर, वाऱ्याची दिशा पाहून, डब्यातला साधा रंग मारला. टायरवर रंग उडू नये म्हणून रिम आणि टायर यांच्या फटीत जुन्या लग्नपत्रिका खोचण्याची युक्ती नानांची. दमट हवेत लॅकर पांढुरका पडतो, म्हणून दिवाळीनंतरची कोरडी दुपार निवडावी. निफाडकडची थंडी नाशिकला भिडते तेव्हा सकाळचा गारठा सरू द्यावा.

तिसरे चाक टेबलावर असताना नानांचे बोट आतल्या बाजूला एका आऱ्याच्या मुळाशी थांबले. आम्हाला तिथे काही दिसेना. त्यांनी ती जागा पुसली, रॉकेल लावले, थोड्या वेळाने कोरडी केली आणि वर खडूची पूड पसरली. काही मिनिटांत त्या पांढऱ्या पुडीवर केसासारखी ओली रेघ उमटली. भेगेत शिरलेले रॉकेल खडूने ओढून घेतले होते. ही कारखान्यांतली जुनी रीत आहे. “हे रंगवायचे नाही, हे टाकायचे,” ते म्हणाले. ते चाक आम्ही बदलले. भेग गेलेले किंवा वाकलेले चाक घरी तापवून, ठोकून वा जोडून घेऊ नये. उष्णतेने मिश्रधातूची ताकद उतरते. आणि रेघ उमटली नाही, तरी शंका असलेले चाक जाणकारास दाखवावे.

चाके परत बसवताना नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. ती तारीख नाना वहीत मांडतात. टायरची हवा, विम्याची मुदत, ब्रेकची तपासणी, हे सर्व आता त्यांच्या वहीत आहे, आणि त्यांनी ‘ठीक’ म्हटल्याशिवाय गाडी घाटात जात नाही. काचबिंदू आहे तिथेच आहे. दिवसातून दोनदा थेंब घालावे लागतात. गाडी आता माझा भाऊ चालवतो. आपल्या घरी किल्ली मागण्याची वेळ येईल तेव्हा ती जरूर मागावी, आणि त्याच बैठकीत त्या गाडीचे कोणते काम यापुढे त्यांचे राहील, हेही ठरवून घ्यावे.