यकृतातील पानगळ

श्रीनिवास रामानुजन 1920 साली, वयाच्या 32 व्या वर्षी गेले. कुंभकोणममध्ये सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या त्यांच्या घरावरून जाताना, आपण वयाने त्यांना ओलांडले आहे, ही जाणीव मला टोचते. त्यांच्यावर क्षयाचे उपचार झाले होते. 1994 साली डॉ. डी. ए. बी. यंग यांनी जुन्या नोंदी तपासून निष्कर्ष काढला, की तो आजार बहुधा यकृतातील अमीबाचा होता. हा अमीबा यकृताच्या पेशी मारत सुटतो. माझा प्रश्न नेमका उलट टोकाचा आहे: यकृताच्या कर्करोगात पेशी मरायचे का नाकारतात?

मरण हा पेशीचा नेहमीच अपघात नसतो. त्याचा विधी तिच्यातच लिहिलेला असतो. तो ठळकपणे दिसला तोही यकृतातच. यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेच्या शाखा बांधल्यावर उंदरांत काय घडते, हे जॉन केर पाहत होते. काही पेशी फुटत नव्हत्या, तर आक्रसून निमूट तुकडे होत होत्या. 1972 साली केर, वायली आणि करी यांनी याला ‘अपॉप्टोसिस’ म्हटले. ग्रीक अर्थ, पाने गळणे. आपला ‘पानगळ’ शब्द किती चपखल!

कर्करोगपेशी हा विधी दोन वाटांनी थोपवते. कधी मजकूरच बिघडतो; बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांतील अफ्लाटॉक्सिन पी53 जनुकात असा बदल घडवते. दुसऱ्या वाटेत मजकूर शाबूत असतो, पण वाचला जात नाही. पेशीमृत्यूला साहाय्य करणारे आरएएसएसएफ1ए हे जनुक यकृताच्या अनेक गाठींत मेथिल गट चिकटून मुके झालेले आढळते. हेच एपिजेनेटिक नियंत्रण. भौतिकीतून आलेल्या मला इथे रिळे दिसतात: सुमारे दोन मीटर डीएनए, काही मायक्रोमीटरचे केंद्रक, आणि हिस्टोनच्या प्रत्येक रिळावर सुमारे 147 बेसजोड्यांचे वेढे. वेढा सैल की घट्ट, यावर पुष्कळ काही ठरते. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मधील संशोधकांना उंदरांच्या यकृत-कर्करोगात एच2ए हिस्टोनचा एक उपप्रकार वाढलेला दिसला, तेव्हापासून हा विषय मला आपल्या अंगणातला वाटतो.

मजकूर शाबूत असेल तर कुलूप उघडता येईल, ही आशा रास्त आहे. अझासायटिडीन हे असे कुलूप उघडणारे औषध 2004 पासून अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी वापरात आहे. मात्र ते निवड करत नाही. निरोगी पेशीने मुद्दाम गप्प ठेवलेली जनुकेही जागी होऊ शकतात. म्हणून ‘कर्करोगाची कळ सापडली’ अशी बातमी दिसली, की विद्यार्थ्यांनो, आधी विचारा: कळ कुठे सापडली, काचेच्या बशीत की रुग्णात? सोराफेनिबच्या 2008 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मध्यक आयुर्मान 7.9 महिन्यांवरून 10.7 महिन्यांवर गेले. तीन महिन्यांहूनही कमी, आणि तेव्हा तेही मोठे यश होते.

शिवाय गाठीभोवतीचे यकृत बहुधा सिरोसिसने आधीच खंगलेले असते. तिथल्या पेशी वाचवायच्या आहेत, आणि काही मिलिमीटरवरच्या त्यांच्या शेजारणींना मरायला लावायचे आहे. दोघींतील वेढ्यांचा फरक मोजता येईल का, एवढ्यावर सध्या माझे काम अडले आहे.