साळुंकीच्या गावी

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले, की डाव्या हातास दूरवर पाणी चमकू लागते. हिवाळ्यात तेथे रोहित पक्षी पाहावयास लांबलांबचे लोक येतात. हा उजनी धरणाचा जलाशय. यास यशवंतसागर असे नाव आहे. 1980 साली धरण पुरे झाले आणि भीमेच्या दोन्ही तीरांवरील कित्येक गावे पाण्याखाली गेली. माझे आजोळ त्यांपैकीच एक. पुष्कळांचे आजोळ आता केवळ आठवणीत उरलेले असते. माझे अक्षरशः बुडाले आहे.

2024 सालच्या वैशाखात धरणाचा साठा फारच खाली गेला आणि पळसदेवचे पळसनाथाचे पुरातन मंदिर उघडे पडल्याचे कळले. आजोळचे गाव तेथून कोसभर. मामेभावास बरोबर घेतले आणि निघालो. मंदिर पाहावयास बरीच गर्दी होती. त्याचे विटांचे शिखर इतकी वर्षे पाण्यात राहूनही उभे आहे, हे आश्चर्यच; परंतु खरे सांगावयाचे, तर माझे लक्ष त्यात नव्हते. मला पाहावयाची होती ती एक दगडी डोणी.

माझे आजोबा वैद्य होते. पंचक्रोशीतील रोग्यांकडे जाण्यासाठी त्यांनी एक तट्टाणी बाळगली होती. रंगाने तपकिरी, म्हणून तिचे नाव साळुंकी, हाकेला साळू. ही अस्सल भीमथडीची. भीमा, नीरा, माण या नद्यांच्या खोऱ्यांतील ही जात मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होती. 2023 साली राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या राजा बढे यांच्या गीतात ज्या तट्टांचा उल्लेख आहे, ती हीच. देहाने लहान, खुरांनी कठीण, आणि कडब्याच्या चार पेंड्यांवर दिवस काढणारी. आजही ती बहुधा धनगरांच्याच वाड्यांबरोबर दिसतात. पाठीवर बिऱ्हाड, आणि त्यावर बांधलेल्या कोंबड्या. आमची साळूही आजोबांनी एका धनगराकडूनच घेतली. कपाळावरील भोवरा अशुभ म्हणून तिला गिऱ्हाईक मिळेना. आजोबा म्हणाले, ''भोवरा तिच्या कपाळी आहे, माझ्या नव्हे.''

आजीचा मात्र तिच्यावर प्रथम राग होता. तुळशीवृंदावनाशेजारी घोडे बांधणे तिला पसंत नव्हते. पुढे पुढे तीच पहाटे उठून चंदीसाठी भिजवलेल्या हरभऱ्यांत गुळाचा खडा घालू लागली, आणि कोणी पाहिले, तर ''मुंग्यांसाठी ठेवते'' म्हणे.

सुट्टीत आजोळी गेलो, की खरारा करण्याचे काम माझे. तोबरा चढवावयाचा, तंग आवळावयाचा, संध्याकाळी विहिरीजवळच्या डोणीवर पाणी दाखवावयाचे. पाणी पिऊन झाले, की ती डोणीच्या एकाच कोपऱ्यावर मान घाशी. आजोबा बरोबर असले म्हणजे तिची रवाल चाल इतकी मऊ, की त्यांना खोगिरावरच डुलकी लागे. मी एकटा बसलो, की दुडकी चाल धरून माझी हाडे खिळखिळी करी. ही तिची थट्टा होती, असे माझे आजही मत आहे.

मी नऊ वर्षांचा असताना आजोबांनी मला औषधाची पुडी देऊन शेजारच्या वस्तीवर एकट्यास पाठविले. परतताना ओढ्याच्या उतारावर रिकिबीतून पाय निसटला आणि मी खाली पडलो. पाय मुरगळलेला, लगाम हातातून सुटलेला. घर अर्ध्या मैलावर, आणि तिची पाण्याची वेळ झालेली. साळू हलली नाही. मी रडलो, ओरडलो, तिला ''जा'' म्हटले, ती उभीच. अंधार पडता पडता मी सरपटत एका दगडावर चढलो, तेव्हा ती आपण होऊन त्या दगडाला लागून उभी राहिली.

1976 साली गाव उठण्याची वेळ आली. मी मॅट्रिक होऊन पुण्यास एका शास्त्रीबोवांकडे लघुकौमुदी आणि अमरकोश म्हणत होतो. आजोबांची दृष्टी मंदावली होती, नव्या जागेत गोठ्यास वाव नव्हता, आणि साळूही सतरा वर्षांची झाली होती. तिला पुन्हा धनगराकडेच द्यावयाचे ठरले. आजोबांचे कार्ड आले : ''साळूस शुक्रवारी नेणार. एकदा येऊन जावे.''

सोमवारी माझी परीक्षा होती. मी गेलो नाही. घोड्याला संस्कृतात किती नावे आहेत, ती मी त्या शुक्रवारी घोकीत होतो. परीक्षेत तोच प्रश्न आला आणि मला पूर्ण गुण मिळाले. आजोबांनी याविषयी मला पुढे कधी एक शब्दही विचारला नाही.

नंतरचे मामांकडून कळले. पंधरा दिवसांनी ते उरलेले वासे आणण्यास जुन्या गावी गेले, तो तेथे साळू. दाव्याचा तुकडा गळ्यात, अंगावर चिखल. लोकांनी दारे-तुळया काढून नेल्यामुळे घरे ओळखूही येत नव्हती. ती कोरड्या डोणीशी उभी होती. मामांनी तिला पाणी पाजले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः चालत जाऊन परत पोहोचविले. ती पुन्हा आली नाही. कदाचित आली असेल, तोवर पाणी चढले असेल.

भेगाळलेल्या गाळातून आम्ही तासभर फिरलो. मामेभाऊ एक जोते दाखवून ''हे आपले'' म्हणे, मग दुसरे. विहिरीचा कठडा सापडल्यावर दिशा लागली. डोणी गाळाने भरून एका अंगास कलली होती. मी गाळ हाताने उकरला. दगडाच्या चारही कडा खरबरीत. एकच कोपरा गुळगुळीत.

मामेभाऊ म्हणाला, ''दादा, उन्हात किती बसणार? शेवटची गाडी चुकेल.''

खिशात गुळाचा खडा होता. तो तेथेच ठेवला आणि उठलो. त्याच वर्षी ऑगस्टात उजनी भरले.