बिटावर आळ

मुरगूडमध्ये घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली गदा येते ती बिटावर. 'मॅडम, गोड लागतंय, जमिनीखाली येतंय, म्हणजे शुगर वाढणारच की,' असा सरळ हिशेब. दिवसभरातल्या चार कप चहातली साखर मात्र 'एवढीशीच' असते, आणि चहा गुळाचा असला तर ती मोजायचीही नसते! दुसरीकडे, मोबाइलवरचा व्हिडिओ बघून रोज उपाशीपोटी ग्लासभर बिटाचा रस घेणारेही येतात. आहारतज्ज्ञ म्हणून मला दोघांचीही समजूत घालावी लागते.

आळ अगदीच निराधार नाही. बिटाचा गोडवा मुख्यतः सुक्रोजचा, म्हणजे इथल्या वेदगंगा नदीकाठच्या उसात जी साखर तीच. 1747 मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मारग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने बिटातून साखर वेगळी काढली आणि ती उसाच्याच साखरेसारखी असल्याचं दाखवलं. आजही जगातल्या साखरेचा सुमारे पाचवा हिस्सा बिटापासून येतो. पण ते साखरेचं बीट पांढरं. त्यात 15 ते 18 टक्के साखर. आपल्या बाजारातलं लाल बीट त्याच कुळातलं असलं, तरी त्याच्या 100 ग्रॅममध्ये साखर 7 ग्रॅमच्या आसपास आणि तंतू जवळपास 3 ग्रॅम.

मग भीती कुठून आली? बिटाचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झपाट्याने चढवतो ते सांगणारा निर्देशांक, 64 च्या घरात सांगितला जातो. आकडा मध्यम, पण ऐकणारा दचकतो. हा निर्देशांक काढताना 50 ग्रॅम पचणारी कर्बोदकं मिळतील एवढा पदार्थ धरतात. बिटाच्या बाबतीत ते अर्ध्या किलोच्या वर जातं. एवढं बीट एका बैठकीत कोण खातं? पानात वाढलेल्या वाटीभर कोशिंबिरीत साखर येते चमचा-दीड चमचा. त्यात दही, दाण्याचं कूट आणि फोडणी असली की तीही हळूहळू रक्तात उतरते.

रसाचं गणित वेगळं. ग्लासभर रसाला तीन-चार बिटं लागतात. चोथा गाळून टाकला की तंतू गेले, साखर तेवढी राहिली, आणि चावण्याचे कष्टही वाचले. ती झपाट्याने रक्तात जाते.

रसाची कीर्ती झाली ती बिटातल्या नायट्रेटमुळे. तोंडातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे शरीरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिन्या सैलावतात. निरोगी माणसांवरच्या आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरच्या प्रयोगांत बिटाच्या रसाने रक्तदाब उतरल्याचं दिसलं आहे. मात्र 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात टाइप 2 मधुमेह असलेल्यांना दोन आठवडे रोज 250 मिली रस दिला, तेव्हा ना रक्तदाब उतरला, ना इन्सुलिनची कार्यक्षमता सुधारली. अभ्यास छोटा होता. तरी रसाच्या भरवशावर गोळी बंद करणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

रंगावरूनही गैरसमज आहे. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, असं घरोघरी सांगतात. तो रंग बीटालेन या रंगद्रव्यांचा. लोह 100 ग्रॅममध्ये 1 मिलिग्रॅमही नसतं. फोलेट मात्र चांगलं असतं. बीट खाल्ल्यावर काहींना लघवी लालसर होते. त्याने घाबरू नये. पण बीट खाल्लेलं नसताना तसं दिसलं तर डॉक्टर गाठावा.

खरी सावधगिरी मूत्रपिंडांबाबत. जुन्या मधुमेहात ती दुखावलेली असू शकतात आणि बिटात पोटॅशियम भरपूर असतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारूनच बीट खावं. ऑक्झलेटचे खडे झालेल्यांनीही हात आखडता घ्यावा.

बाकीच्यांना मी सांगते, उकडून किंवा किसून अर्धं-एक बीट जेवणाबरोबर खा आणि त्या दिवशी भात तेवढा कमी घ्या. बिटाचा हलवा हा मात्र हलवाच. नावात बीट असल्याने त्यातली साखर कमी होत नाही. ग्लुकोमीटर असेल तर जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी साखर तपासा. कोशिंबीर असलेल्या आणि नसलेल्या जेवणाचे आकडे चार-सहा दिवस शेजारी-शेजारी लिहा. बीट तुम्हाला मानवतं की नाही, ते त्यावरून कळेल. माझ्या आहारतक्त्यात बीट भाज्यांच्या रकान्यात असतं आणि बंद करायच्या यादीत पहिलं नाव गोड चहाचं, मग तो साखरेचा असो की गुळाचा.