लाल ठिपका

आज सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी जिन्याखाली बसून आमच्या इमारतीचा सुका कचरा निवडत होत्या. दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, बाटल्यांची झाकणं वेगळी. प्लास्टिक बोटांत चुरगाळून नुसत्या आवाजावरून त्या ते कुठलं ते ओळखतात. मग वर्तमानपत्राची एक पुडी उघडली आणि आत वापरलेलं डायपर निघालं. त्या काही बोलल्या नाहीत. पुडी गुंडाळून बाजूला ठेवली आणि हात धुवायला पाणी मागितलं. मला फार लाज वाटली. पुडी आमच्याच मजल्यावरची असेल.

पॅड, डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, म्हणजे पुडी उघडावी लागणार नाही, एवढंच तर मागणं आहे त्यांचं.

पुण्यातल्या कचरावेचकांनी १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना बांधली. तिच्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. उकिरड्यापासून आपल्या दारापर्यंतची वाट मावशींसारख्या बायकांनी स्वतः पाडली आहे. सुक्यातलं भंगार विकून येणारे पैसे त्यांचे. म्हणजे आमटी सांडलेला पुठ्ठा हा थेट त्यांच्या कमाईवर घाला. आणि वर्गीकरण हे काही आपले उपकार नाहीत, २०१६ च्या घनकचरा नियमांनीच ते घराघराचं काम ठरवलं.

रात्री दुधाची पिशवी धुऊन तारेवर अडकवली. डब्याशेजारच्या खिळ्याला लाल स्केचपेन दोऱ्याने बांधलं. उद्या शेजारच्या वहिनींशी बोलायचंय.