मला इचार की

राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे आम्ही कोल्हापुरातल्या एका वृद्धाश्रमात गेलो, तेव्हा फॉर्म भरण्याचे काम माझ्याकडे आले. घरात लिहायला शिकलेला मी पहिलाच, त्यामुळे अर्ज भरण्याची सवय लहानपणापासूनची. नाव, वय, पथ्य, औषधे सारे व्यवस्थापक भराभर सांगत होते. आजी समोरच बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझंच लिवालाईस न्हवं? मग मला इचार की!"

मी ओशाळलो. त्यांना पहाटे पाचची आंघोळ नको होती. ऊन आल्यावर हवी होती. रात्री भात नको, दुधात कुस्करलेली भाकरी हवी. आणि दुखणे हाताबाहेर गेले तर नाकातोंडात नळ्या नकोत. हे शेवटचे ऐकून व्यवस्थापक गप्प झाले. असे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केला आहे. 2023 मध्ये त्याची पद्धतही सोपी केली. पण फॉर्मात तो रकानाच नव्हता. मी समासात लिहिले. आंघोळीचे मात्र अडले. माणसे चाळीस, बंब एक! तेव्हा आजींनीच तोड काढली : "मला शेवटचा नंबर द्या."

परतताना मला माझी आजी आठवत होती. मोतीबिंदूच्या वेळी डॉक्टरांशी सगळे मीच बोललो होतो; ती शेजारी पदर चाळवत बसली होती. घरी जाऊन तिला विचारले, "आजी, तुला काय पाहिजे?"

"आत्ता सुचलं व्हय?" ती म्हणाली. मग जरा वेळाने, "माझी खाट सोप्यात टाक. माणसं दिसत्यात."

त्याच संध्याकाळी खाट हलवली.